जमीन संपते तिथली ओटी

कळंबच्या कुशाबाई अंटार्क्टिकाला निघाल्या ही बातमी गावात पोचली, तेव्हा निम्म्या गावाला ते एखाद्या नव्या दवाखान्याचं नाव वाटलं. बारामतीत दर महिन्याला एक नवा दवाखाना उघडतो, त्यातलाच हा असेल आणि कुशाबाई गुडघे बदलायला चालल्या असतील, असा हिशेब करून दोघी-तिघी जणी विचारपूस करायला येऊनही गेल्या. उरलेल्या निम्म्या गावाला मात्र नाव नवीन नव्हतं. कुशाबाईंचा मुलगा इंद्रजित केळी परदेशी पाठवतो. माणूस कामाचा, पण ऐकणारा भेटला की त्याला बर्फाच्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुणाचं जहाज बर्फात चिरडलं, कुणी शेवटी आपली कुत्री खाल्ली, कुणाची बोटं गारठून झडली, हे सगळं तो कंटेनरमध्ये खोकी चढवणाऱ्या हमालांना सांगायचा आणि हमाल बिचारे, पगार तोच देतो म्हणून, ‘आरं तिच्या!’ म्हणत ऐकायचे.

केळीला दोन वर्षं चांगला भाव मिळाला आणि इंद्रजितने घरच्या चौघांची दक्षिण टोकाच्या जहाजावर जागा धरली. तो, त्याची बायको सुप्रिया, तेरा वर्षांची मुलगी प्रगती आणि आई. आई नको म्हणेल अशी त्याची खात्री होती. आईने फक्त विचारलं, “त्याच्या म्होरं जमीन हाय का आजून?”

“न्हाय. तितं संपली.”

“मग येती मी.”

कारण कुशाबाई बर्फ बघायला निघाल्याच नव्हत्या. त्यांना नवस फेडायचा होता, आणि तो चौतीस वर्षं तुंबलेला होता.

इंद्रजित सात वर्षांचा असताना त्याच्या डोक्यात ताप गेला. बारामतीच्या एका दवाखान्यात तो कितीतरी दिवस डोळे अर्धवट मिटून पडला होता. खाटेसमोरच्या भिंतीवर कुठल्याशा औषध कंपनीने दिलेला जगाचा नकाशा होता. पोरगं मधेच शुद्धीवर यायचं आणि नकाशाकडे बघत राहायचं. एका दुपारी त्याने बापाला विचारलं, “आबा, खाली पांढरं काय हाय?” मानसिंगरावांनी चष्मा पुसून बघितलं आणि सांगितलं, “तितं जमीन संपती, बाळा.” पोरगं पुन्हा ग्लानीत गेलं. कुशाबाई उठल्या, नकाशाच्या त्या पांढऱ्या पट्ट्याला हात लावला आणि म्हणाल्या, “धरणीमाय, माझं लेकरू उठू दे. जमीन संपती तितं येऊन माझ्या हातानं तुझी ओटी भरीन.”

पोरगं उठलं. बापाने आनंदाच्या भरात स्टँडजवळच्या रद्दीवाल्याकडून त्याला एक जाडजूड चित्रांचं पुस्तक आणून दिलं. त्यात नेमके सगळे बर्फावर गेलेले लोक होते. इंद्रजितचं येड तिथून सुरू झालं.

दोन वर्षांनी मानसिंगरावांनी बायकोला आणि मुलाला कन्याकुमारीला नेलं. कुशाबाईंनी समुद्राच्या काठाशी गहू, खण, नारळ, हळकुंड असं सगळं वाहून साग्रसंगीत ओटी भरली आणि हात जोडले. नऊ वर्षांचा इंद्रजित शेजारी उभा राहून म्हणाला, “आई, जमीन हितं न्हाय संपत. फुडं श्रीलंका हाय. मग नुसतं पाणी. त्याच्या खाली ती पांढरी.” मानसिंगराव खदाखदा हसले. “नेतो की तितंबी एक दिवस,” म्हणाले. नवरे असं पुष्कळ म्हणतात. कुशाबाईंना मात्र हसू आलं नाही. वाहिलेला गहू लाटेने उचलला आणि त्यांच्या मनात आलं, आपण देवीला फसवलं.

तेव्हापासून इंद्रजितला साधं पडसं झालं तरी त्या देवापुढे जाऊन बसायच्या. गेल्या उन्हाळ्यात तो केळी खोक्यांत भरायच्या पॅकहाउसमध्ये चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हणाले साखर, कुशाबाई म्हणाल्या नवस. इंद्रजितने गोड सोडलं आणि आईने झोप.

आणि यात एक मोठी अडचण येऊन बसली होती. मानसिंगराव चार वर्षांपूर्वी गेले. नवस बोलताना कुशाबाईंचा हात सवाष्णीचा होता, आता तो नव्हता. गावात विधवा ना कुणाची ओटी भरत, ना कुणी तिची भरत. संक्रांतीचं हळदीकुंकू घरात असलं की कुशाबाई आपणहून स्वयंपाकघरामागच्या कोठीत जाऊन बसायच्या. शेजारची धोंडाबाईही तिथंच येऊन बसायची. ती एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली, आता ऐंशीच्या घरातली. दोघी तीळ निवडायच्या आणि बाहेरच्या हसण्याचे आवाज ऐकायच्या. आत जा असं त्यांना कुणी म्हणालं नव्हतं. जाऊ नका असंही कुणी म्हणालं नव्हतं. गावाची रीत अशीच असते, तिला बोलावं लागत नाही.

निघायच्या आधी कुशाबाईंनी सुनेला गाठलं. सुप्रिया भवानीनगरची. बाप कारखान्याच्या प्रयोगशाळेत, स्वतः शेतीची पदवी घेतलेली, पॅकहाउस तीच चालवते. सासूला ती आत्या म्हणते आणि बोलायला फटकळ आहे.

“सुप्रिया, तितं ओटी तू भर. मी शेजारी हुबी ऱ्हाईन.”

“नवस कुणी बोलला, आत्या?”

“मी.”

“कुणाच्या हातानं भरीन म्हनला होता?”

“माझ्या. पर आता माझा हात चालतुय व्हय?”

“ज्या हातानं एवढं घर चाललं, शेत चाललं, त्यो ओटीलाच का चालत न्हाय? मी न्हाय भरायची. भरायची तर तुमीच भरा.”

कुशाबाईंना राग आला. शिकलेल्या पोरींना सगळं सोपं वाटतं. पण दोन दिवस चूल फुंकता फुंकता, म्हणजे गॅससमोर उभं राहून, त्या विचार करत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की सून बोलली त्यात एक सोय आहे. हात चालत नाही तो गावाला. देवीने अजून काही तक्रार केलेली नाही. आणि तिथं, त्या पांढऱ्या पट्ट्यावर, गाव नाही. थोरली चुलतजाऊ सारजा नाही, जिच्या नजरेतून पदराची एक चुणी सुटत नाही. तिथं आपण आपल्या हाताने ओटी भरली तर बघायला आहे कोण? झालं, ठरलं.

मग तयारी. जहाजाच्या कंपनीने सूचनांचा गठ्ठा पाठवला होता. सुप्रियाने तो जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचला. त्यात लिहिलं होतं, कसलंही बियाणं आणायचं नाही, कपड्यांच्या शिवणी तपासून या. कुशाबाईंनी ते नीट ऐकलं. त्यांनी आयुष्यभर बियाणं हाताळलं होतं. बियाणं म्हणजे औषध लावलेलं, दुकानाच्या पिशवीतलं, हात धुवून घ्यावे लागतात ते. ओटीचा गहू म्हणजे धान्य. ते खातात. त्याला कोण बियाणं म्हणेल? असा त्यांनी स्वतःला निवाडा दिला, मळ्यातल्या गव्हातला चांगला पाखडलेला गहू घेतला, जुन्या लुगड्यांची एक बंडी गोधडीसारखी शिवली आणि तिच्या कडेच्या दुमडीत तो भरला. मनात कुठंतरी शंका होतीच. नाहीतर टाके इतके बारीक कशाला घातले असते? नारळ उघड्यावर घेतला होता, तो मुंबईच्या विमानतळावरच काढून ठेवावा लागला. बंडीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

अर्जेंटिनाच्या तळाशी एक गाव आहे, तिथून जहाज सुटलं. पहिले दोन दिवस समुद्राने सगळ्यांना असं काही घुसळलं की इंद्रजित, ज्याने तीस वर्षं या समुद्राची वर्णनं ऐकवली होती, तो खाटेवरून उठला नाही. प्रगती कठड्याला धरून फिरत होती. सुप्रिया गोळी घेऊन झोपली होती. कुशाबाईंना काही झालं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून ज्याने खड्ड्यांतून निम्मा तालुका पालथा घातलाय, त्याला हे फार नव्हतं. त्या जेवणघरात एकट्या बसून वरणासारखं काहीतरी पीत होत्या आणि आचारी त्यांना बघून सलाम करत होते.

तिसऱ्या दिवशी समुद्र निवला आणि जहाजावर व्याख्यानं सुरू झाली. इंद्रजितला आता हुरूप आला. व्याख्यान इंग्रजीत व्हायचं आणि तो आईला शेजारी बसून आपल्या भाषेत सांगायचा, त्यात व्याख्यात्याने न सांगितलेलंही घालायचा. स्कॉट नावाचा माणूस टोकाला पोचला तर आधीच दुसऱ्याचं निशाण लागलेलं, आणि परतताना उपासमारीने गेला. पुढचं अन्न ठेवलेलं ठिकाण फक्त अकरा मैलांवर होतं.

“अकरा मैल म्हंजे?”

“भवानीनगर ते बारामती, म्हनंना.”

“एवढ्यासाठी?” कुशाबाईंनी चुकचुक केलं. “आन् त्ये अन्न कुणी ठिवल्यालं?”

“त्यांच्याच माणसांनी. येताना खायला.” मग त्याने दुसरी गोष्ट सांगितली. शॅकल्टनला हा सगळा खंड एका बाजूने दुसऱ्या बाजूला चालत पार करायचा होता. तो इकडून निघणार, म्हणून पलीकडून दुसरी एक तुकडी त्याच्यासाठी वाटेत अन्नाचे साठे ठेवत आली. दात हलायला लागले, पाय काळे पडले, तिघं जण मेले, पण साठे ठेवले. आणि इकडे शॅकल्टनचं जहाजच बर्फात बुडालं. तो त्या वाटेला लागलाच नाही.

“मग त्या अन्नाचं काय झालं?”

“बरंचसं तितंच ऱ्हायलं बर्फात.”

 माणसं मेली याचं कुशाबाईंना वाईट वाटलंच, पण आपल्या लोकांना जसं वाटतं तसं त्यांना अन्नाचं जास्त वाटलं. एवढ्या जिवावर उदार होऊन मांडून ठेवलेलं, आणि कुणाच्या मुखी लागलं नाही. “मग कुणीतरी दुसऱ्या उपाशी मानसाला तरी न्यायाचं हुतं,” त्या म्हणाल्या. इंद्रजित हसला. तिथं दुसरं माणूस नव्हतं, हे आईला कसं सांगायचं!

उतरण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या कपड्यांची तपासणी होती. एका मोठ्या खोलीत माणसं आपापले बूट, पिशव्या, कोट घेऊन रांगेत उभी होती आणि जहाजावरची तरुण मंडळी चिमटे आणि धूळ ओढायची यंत्रं घेऊन शिवणी, खिसे, बुटांच्या खाचा साफ करत होती. यांच्या रांगेला चिलीची एक मुलगी होती. नाव कामिला. कुशाबाईंनी तिचं पहिल्याच दिवशी कमळी करून टाकलं होतं आणि तीही हाक मारली की ओ द्यायची. कमळीने लाल कोट तपासला, टोपी तपासली आणि मग आतल्या बंडीच्या कडेवरून तिची बोटं फिरली. ती थांबली. पुन्हा फिरली. मग तिने प्रगतीला काहीतरी विचारलं.

“आजी, ह्यात काय हाय?”

“काय न्हाय. कापूस.”

“आजी.”

कमळीने लहान कात्री आणली. कुशाबाईंनी बंडी छातीशी धरली. खोलीतली सगळी माणसं बघत होती. इंद्रजितचा चेहरा लाल झाला. “आई, आगं किती लांबनं आलोय आपण! ह्ये लोक आपल्याला उतरू द्यायचं न्हायत!” तो जवळजवळ ओरडलाच. कुशाबाई हटल्या नाहीत. “धान्य हाय त्ये. बियाणं न्हाय. वटीचा गहू हाय माझा. तुझ्यासाठीच आणलाय, मुडद्या!”

सुप्रिया मात्र ओरडली नाही. तिने सासूच्या शेजारी बाकावर बसून विचारलं, “आत्या, मळ्यातला हाय नव्हं? ह्यो पेरला तर उगवंल का न्हाय?”

“उगवंल. न उगवाय काय झालं? पर हितं बर्फात?”

“आज न्हाय उगवायचा. उद्याचं कोण सांगतंय? हल्ली हितलं बी बर्फ कमी व्हायलंय म्हणं. आन् गव्हाचं सोडा. गव्हाबरुबर काय आलंय ते कुणी बघितलं? आपल्याकडं गाजरगवत कशातनं आलं म्हनत्यात?”



गाजरगवत. चाळीस वर्षं कुशाबाईंनी ते उपटलं होतं. बांधावरचं, पाटाच्या कडेचं, केळीच्या सरीतलं. हातांना खाज सुटून कातडी सोलायची, मानसिंगरावांना त्याच्या फुलोऱ्याने दमा लागला तो शेवटपर्यंत गेला नाही. उपटलं तरी पुढच्या वर्षी दुप्पट. आणि जुनी माणसं हेच सांगायची, की हे आपलं नव्हेच, दुष्काळात बाहेरून गहू आला त्याच्याबरोबर आलं. पाठवणाऱ्याच्या मनात काही पाप नव्हतं. पोट भरावं म्हणूनच त्याने पाठवलं होतं.

त्यांनी बंडी मांडीवर घेतली. कडेवरून हात फिरवला. मग कमळीपुढे धरली. “घे बाय. बरुबर हाय तुझं.”

कमळीला बहुधा बंडी फाडायची नव्हतीच. तिने ती घडी करून जाड पिशवीत घातली, तोंडाला पट्टी मारली, वर नाव लिहिलं आणि प्रवास संपेपर्यंत आपल्या कपाटात ठेवते म्हणाली. कुशाबाई केबिनमध्ये गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून रडल्या. चौतीस वर्षांनी दारापर्यंत आल्या आणि हात रिकामे. सुप्रिया मागे येऊन बसली होती.

दुसऱ्या दिवशी रबरी होडीतून त्यांना काठावर उतरवलं. उतरण्याआधी पुन्हा सूचना झाल्या. पक्ष्यांमध्ये रोगाची साथ आहे, म्हणून जमिनीवर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, काही ठेवायचं नाही, काही उचलायचं नाही. जमिनीला लागायचे ते फक्त धुतलेले बूट. कुशाबाईंनी साठ वर्षांत रानात पाऊल टाकताना चप्पल बांधावर काढली होती. आता देवीच्या अंगावर बूट घालून उभं राहायचं, आणि डोकंही टेकवायचं नाही.

पुढे काळे खडक होते, त्यांच्यावर बर्फ, आणि बर्फाला शेवट नव्हता. पेंग्विन आपापल्या कामाला जा-ये करत होते, मुकादम नसताना मजूर चालतात तसे. बाकीचे फोटो काढायला पांगले. इंद्रजित एका खडकाजवळ उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दवाखान्यातल्या खाटेवरून बघितलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर तो उभा होता, त्याला दुसरं काही नको होतं.

कुशाबाईंनी जाड हातमोजे घातलेले हात कसेबसे जोडले. “माये,” त्या म्हणाल्या, “द्यायला काय आणलं न्हाय. म्हंजी आणलं हुतं, पर त्ये तुझ्या कामाचं न्हाय. तुझं नासवायचं न्हाय मला. पोराला संभाळ. राग धरू नगं.” इतकंच. मग थंडीने डोळे झोंबायला लागले आणि कमळीने हाताला धरून त्यांना होडीकडे नेलं.

परतताना इंद्रजितने समजूत घालायचा प्रयत्न केला. “आई, शॅकल्टन आदीच्या एका खेपंला टोकाच्या जवळनं मागं फिरला. माणसं जगवायची म्हनून. त्याला कुणी हसलं न्हाय.”

“त्याच्या आईनं नवस बोलला नसंल,” कुशाबाई म्हणाल्या.



घरी परत आले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमीला अवकाश होता. सुप्रियाने हळदीकुंकू ठेवलं. या वर्षी येणाऱ्या बायका दुपटीने होत्या, आणि त्यांना वाणाची कमी आणि बर्फाच्या बातमीची जास्त ओढ होती हे सांगायला नको. सुप्रियाने सकाळीच बजावलं, “आत्या, आज बाहिर बसायचं.”

“धोंडाबाई एकटी पडंल आत,” कुशाबाई म्हणाल्या आणि तीळ घेऊन कोठीत जाऊन बसल्या.

मग मोठी गंमत झाली. बायका बैठकीत दाटीवाटीने बसल्या आणि सुप्रियाला विचारायला लागल्या. सुप्रिया म्हणाली, “मला काय इचारता? आत्यास्नी इचारा.” आता आली का पंचाईत! ऐकायचं तर सगळ्यांना होतं, आणि सांगणारी कोठीत. कुणी आत जाईना, ती बाहेर येईना. शेवटी सारजानेच तोडगा काढला. “कुशे, तितनंच सांग की गं. दार उघडं हाय.”

आणि कुशाबाईंनी खरंच तिथून सांगितलं. पृथ्वीच्या टोकाला जाऊन आलेली बाई कोठीच्या उंबऱ्याआड बसून, आवाज चढवून, स्वयंपाकघराच्या पलीकडे बसलेल्या बायकांना बर्फाच्या गोष्टी सांगत होती. समुद्र कसा घुसळतो ते सांगितलं. पेंग्विन सांगितला. अकरा मैलांवर अन्न राहिलं तो माणूस सांगितला, तेव्हा बैठकीतून हळहळ ऐकू आली. धोंडाबाई शेजारी बसून तोंड उघडं टाकून ऐकत होती, हातातले तीळ तसेच.

“आन् वटी?” सारजाने बाहेरून विचारलं. “वटी भरली का न्हाय?”

कुशाबाईंनी तिळातला एक खडा बाजूला टाकला. “न्हाय,” त्या म्हणाल्या. “गहू माघारी आणला.”

 “आगं बया,” सारजा म्हणाली, “मग पोराच्या डोस्क्यावर तसंच ऱ्हायलं की.”

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ती बोलली तेच कुशाबाई रात्रंदिवस स्वतःशी बोलत होत्या, म्हणून ते वर्मी लागलं. 

सुप्रिया उठली. तिने आतल्या खोलीतून ती पिशवी आणली, जशी कमळीने दिली होती तशीच, वरच्या नावासकट. सगळ्यांच्या देखत पट्टी तोडली, बंडीच्या कडेचे बारीक टाके कात्रीने उसवले आणि गहू सुपात ओतला. सूप घेऊन ती कोठीच्या उंबऱ्याशी आली. “आत्या, पदर धरा. मी भरती तुमची.”

“येडी का खुळी तू?” कुशाबाई कुजबुजल्या. “चारचौघीत? त्यो गहू माझा न्हाय. त्यो दिल्याला हाय.”

“ज्याला दिला त्याला पोचला न्हाय. मग काय करायचं त्याचं? बर्फातल्या अन्नावानी ठिवायचा?”

हे सुप्रिया सहज बोलून गेली. कुशाबाई सुपाकडे बघत राहिल्या. मळ्यातला गहू, मुंबई, अर्जेंटिना, जहाज, कपाट, एवढं फिरून आलेला, कुणाच्या पदरात न पडलेला. दुसऱ्या उपाशी माणसाला तरी न्यायचं होतं, असं जहाजावर आपण म्हणालो होतो ते त्यांना आठवलं. त्यांनी मान वळवली. शेजारी धोंडाबाई होती. एकोणिसाव्या वर्षापासून दर संक्रांतीला कुठल्या ना कुठल्या कोठीत बसलेली. बर्फातल्या त्या माणसाचं अन्न अकरा मैलांवर तरी होतं, हिच्यासाठी एकसष्ट वर्षं पलीकडच्या खोलीत मांडलेलं होतं आणि मध्ये फक्त उंबरा होता.

जमीन संपते ती जागा शोधायला आपण फार लांब गेलो, असं कुशाबाईंना वाटलं आणि त्यांना स्वतःचाच राग आला. चार वर्षं त्या या बाईच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

त्यांनी सूप ओढून घेतलं. “धोंडाबाय, पदर धर.”

“कुणाचा? माझा?” धोंडाबाई मागे सरकली. “आगं, मला न्हाय चालत.”

“मला बी न्हाय चालत. धर.”

बैठकीतल्या बायका उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. सारजा सगळ्यांत पुढे. ती काही बोलणार होती, पण सुप्रिया तिच्याकडे बघत होती, म्हणून तिने तोंड मिटलं. धोंडाबाईने आधी कुशाबाईंकडे बघितलं, मग दाराकडे. मग तिने हळूच पदराची दोन टोकं धरली आणि पुढे पसरली. पदर कसा धरायचा ते हात विसरले नव्हते. कुशाबाईंनी आपल्या हाताने एक मूठ गहू त्यात घातला. मग दुसरी. मग तिसरी. त्यांना पुढचं दिसेना, डोळे भरून आले होते. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पदराने तोंड पुसलं. छातीवरचं चौतीस वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि आता इंद्रजितला ताप आला तर तो फक्त ताप असणार होता.

 धोंडाबाई पदरातल्या गव्हाकडे बघत होती. मग तिने मान वर केली.

“पाच मुठी घालत्यात गं,” ती म्हणाली. “तू तीनच घातल्या.”

कुशाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि उरलेल्या दोन घातल्या.